इंचाला फूट

मराठीच्या प्राध्यापकाला मोजण्याचा प्रसंग सहसा येत नाही. फार तर वृत्तातल्या मात्रा मोजाव्या लागतात, त्यासुद्धा बोटांवर. मी मात्र गेले दीड वर्ष खिशात मोजपट्टी बाळगू लागलो आहे. देऊळ असो, बँक असो, नाट्यगृह असो की दवाखाना असो, दारात गेलो की माझी नजर आधी पायऱ्यांवर जाते. किती पायऱ्या, एकेक केवढी उंच, बाजूला धरायला काही आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "लोक देवळात गेले की हात जोडतात, तुम्ही टेप काढता!"

हे वेड मला कसे लागले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. त्यात थोडी घरची गोष्ट येईल. तिला इलाज नाही, कारण वेडाचे मूळ घरातच आहे.

आमचे गाव सारोळे. पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की खेड-शिवापूर आणि कापूरहोळ मागे टाकून महामार्ग नीरा नदीवर येतो. पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळ. पुलाच्या अलीकडे, भोर तालुक्यात, आमचे सारोळे. नदीने गावाला पाणी दिले आणि रस्त्याने बाजार दिला. आणि ह्याच रस्त्याने २००९ साली आमच्या दादाचे पाय नेले.

नेले म्हणजे तुटले नाहीत. दादाच्या मोटारसायकलला मागून मालट्रकने धडक दिली आणि पाठीच्या कण्याला मार बसला. पाय जागच्या जागी आहेत, पण कमरेखाली त्याला काही कळत नाही. त्या वेळी त्याचे वय छत्तीस होते आणि पदरी चार वर्षांची मुलगी होती. धंदा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचा. जळालेली मोटार उघडायची, आतली करपलेली तार काढायची, नवी तार मोजून वेढे देत भरायची आणि वार्निश लावून वाळवायची. हे काम बसून करता येते, हे आमच्या घराचे भाग्य. सहा महिन्यांत दादा चाकाच्या खुर्चीवर बसून पुन्हा तार भरू लागला. आजही शिवारातल्या मोटारी त्याच्याकडेच येतात. वेढा मोजताना तो चुकत नाही, आणि दुसऱ्याने केलेली मोजणीतली चूक त्याला खपत नाही. ह्या स्वभावाचा प्रसाद मला पुढे मिळायचा होता.

त्याची मुलगी मोठी झाली आणि माझ्याच महाविद्यालयात बी. ए. करू लागली. २०२४ सालच्या फेब्रुवारीत वार्षिक समारंभात तिला पारितोषिक मिळणार होते. दादा म्हणाला, "मी येणार." एका ओळखीच्या माणसाची मोटार ठरवली आणि सकाळी सातला निघून तो साडेआठला महाविद्यालयाच्या दारात हजर झाला. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, आणि खुर्चीच्या चाकांनासुद्धा वंगण.

दारातच चार पायऱ्या आणि सभागृह पहिल्या मजल्यावर. वर जायला दोन टप्प्यांचा जिना, पायऱ्या बावीस. लिफ्टची जागा नकाशात होती, पण ती "दुसऱ्या टप्प्यात" व्हायची होती, आणि दुसरा टप्पा म्हणजे काय हे सरकारी अनुदानाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना सांगायला नको. आमचे चार शिपाई धावत आले. मनाने फार चांगली माणसे! "साहेब, उचलून नेतो की! अल्लाद नेतो, कळायचंसुद्धा नाही."

दादाने मान हलवली. "नको. उचलून न्यायला मी काय पाणबुडी मोटार आहे?"

मी विनवले, वहिनींनी विनवले, पण तो बधला नाही. शेवटी आवारातल्या कडुनिंबाखाली त्याने खुर्ची लावली. वरच्या सभागृहाचा ध्वनिक्षेपक बाहेर ऐकू येत होता. मुलीचे नाव पुकारले तेव्हा टाळ्या वर वाजल्या आणि दोन हातांची टाळी खाली वाजली. मी वर मंचाजवळ उभा होतो. मला खिडकीतून तो दिसत होता. ती पोर ढाल घेऊन बावीस आणि चार पायऱ्या धावत उतरली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसलं नाही." तो म्हणाला, "ऐकू आलं की."

परतताना मी त्याच्याबरोबर सारोळ्यापर्यंत गेलो. कात्रजचा बोगदा संपेपर्यंत कोणीच बोलले नाही. मग त्याने विचारले, "मास्तर, ह्या इमारतीचा नकाशा कुणी पास केला रे?"

इमारत समितीत अध्यापकांचा प्रतिनिधी मी होतो. नकाशावर इतरांबरोबर माझीही सही आहे. घरात पंधरा वर्षे चाकाची खुर्ची फिरत असताना मी त्या जिन्यावर सही केली होती आणि सही करताना मला दादाची आठवणसुद्धा झाली नव्हती. मी खरे ते सांगितले. तो रागावला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "नकाशात माणसं काढतात का?"

"नाही."

"मग तुझा दोष नाही. माणूस न काढताच जिना काढला, तर असंच व्हायचं."

रागावला असता तर बरे झाले असते!

* * *

उचलून नेण्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण सगळे भलेपणाने म्हणतो, "आम्ही आहोत ना, उचलतो!" मीही हेच म्हणत असे. पण ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला कोठे घासले, कोठे चिमटा बसला, हे समजत नाही. रात्री अंथरुणात जखम दिसते आणि ती बरी व्हायला महिने लागतात. लघवीची पिशवी लावलेली असते, तिची नळी निसटते. जिन्यावर एकाचा पाय घसरला तर पाचही जण खाली येतात. हे झाले शरीराचे. मनाचे असे, की बावन्न वर्षांचा कर्ता पुरुष मुलीच्या वर्गमैत्रिणींसमोर पोत्यासारखा चौघांच्या हातांत लोंबकळत वर जाणार. आपल्यापैकी कोण ह्याला तयार होईल? आणि वर नेले तरी खाली यायला पुन्हा चौघांची वाट पाहायची. पाणी प्यायला उतरायचे तर चौघे हवेत, कंटाळा आला तरी चौघे हवेत. मदत ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती मागावी लागू नये अशी व्यवस्था तिच्याहून चांगली.

त्या रात्री सारोळ्याला मला झोप आली नाही. भाषेचा माणूस म्हणून मी 'पायरी' ह्या शब्दाशी खेळत पडलो आणि खेळता खेळता दचकलो. ह्या शब्दातच पाय आहे. पाय नसलेल्याने तिच्याकडे जाऊच नये, असे शब्दच सांगतो. आपण म्हणतो, 'पायरी ओळखून असावे.' उद्धटाला म्हणतो, 'पायरी सोडून बोलू नकोस.' 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण तर पोराटोरांना पाठ. कामासाठी माणूस 'उंबरठे झिजवतो'. म्हणजे मोठेपणा, सत्ता, न्याय, हे सारे आपल्याकडे नेहमी चार पायऱ्या वर आणि एका उंबरठ्याच्या आत बसलेले. इंग्रजांच्या काळातील कचेऱ्या पाहा, संस्थानिकांचे वाडे पाहा. जोत्याची उंची मालकाच्या रुबाबाप्रमाणे वाढत जाते. आणि आपल्या म्हणींत आंधळे दळते, वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते. हसायला आपल्याला अशी माणसे लागतातच. पांगळ्यालाही डोंगर ओलांडायला लावणाऱ्या देवाची स्तुती आपण स्तोत्रांत करतो. डोंगराचे देव पाहून घेईल. चार पायऱ्यांचे काय, ते गवंड्याला विचारायला हवे!

पायरीने माणसे बाहेर ठेवण्याची आपली रीत जुनीच आहे. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना ती पायरी ओलांडू दिली नव्हती. त्यांच्या नंतर सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी त्या मंदिरासाठी प्राणांतिक उपोषण केले तेव्हा दार उघडले. त्या अन्यायाची बरोबरी मी दुसऱ्या कशाशी करीत नाही. त्या पायरीमागे द्वेष होता आणि माझ्या सहीमागे नुसते विस्मरण होते. पण कडुनिंबाखाली बसलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो? त्याच्या दृष्टीने दोन्ही पायऱ्या सारख्याच उंच.

* * *

सकाळी दादा म्हणाला, "कॉलेजचं राहू दे. आधी आपल्या घराचं बघू."

मी चमकलो. आमच्या घराचे जोते अडीच फूट उंच आहे. नदीकाठचे गाव, पावसाळ्याची ओल, सापकिरडू, ह्यांपासून बचावासाठी आजोबांनी ते तसे बांधले. त्याला दगडी चार पायऱ्या. पंधरा वर्षे दादाला रोज सकाळी दोघे जण खाली उतरवीत आणि संध्याकाळी वर चढवीत. ज्या दिवशी गडी मिळत नसे त्या दिवशी दुकान बंद. हे आम्हाला इतके अंगवळणी पडले होते की ह्यात काही बदलता येण्यासारखे आहे असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावले. त्याचा हात असा की ओळंबा न लावता भिंत सरळ येईल. "एवढंच ना? उतार करून देतो," असे म्हणून त्याने चार दिवसांत पायऱ्यांवरून दहा फूट लांबीचा सिमेंटचा उतार काढला. दिसायला झकास! दादाने खुर्ची लावली आणि वहिनींनी मागून जोर दिला. अर्ध्यावर पुढची दोन चाके अधांतरी उठली. मी आणि गवंडी मध्ये पडलो नसतो तर दादा उताणा अंगणात आला असता.

"ही घसरगुंडी झाली," दादा म्हणाला. मग त्याने खडू मागवला आणि फरशीवर आम्हा दोघांना गणित शिकवले. खुर्ची स्वतःच्या हातांनी वर न्यायची तर बारा फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे, त्याहून जास्त नाही. इमारतींचे नियम करणाऱ्यांनीही हेच प्रमाण धरले आहे, एकास बारा. दादाने ते गवंड्याच्या भाषेत सांगितले : "एक इंच उंचीला एक फूट लांबी. इंचाला फूट. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं विसरा."

जोते अडीच फूट, म्हणजे तीस इंच. उतार हवा तीस फूट. गवंडी हबकला. "तीस फूट? मालक, अंगण संपतंय की!" अंगण खरोखरच तेवढे नव्हते. मग उतार वळवायचा ठरला. भिंतीकडेने पंधरा फूट जायचे, तेथे खुर्ची फिरायला पाच फूट सपाट जागा ठेवायची आणि उलट फिरून पंधरा फूट वर यायचे. एका बाजूला चाक घसरू नये म्हणून चार इंचांची कड आणि धरायला अडीच फुटांहून थोडा उंच कठडा. वर गुळगुळीत गिलावा नको. पावसात चाक धरून राहील असा खरबरीत. सगळे जमले, पण वळणाच्या जागी तुळशीवृंदावन आडवे आले.

आता आईला कोण विचारणार? चौऱ्याहत्तर वर्षांची आमची आई, आणि वृंदावन तिच्या सासूने बांधलेले. आम्ही दोघे भाऊ तिच्यासमोर गुन्हेगारासारखे बसलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुळस काय, चार हात सरकली तरी रुजते. पंधरा वर्षं हा सांगत का नव्हता?"

तिच्या ह्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. दादाने कधी सांगितले नव्हते आणि आम्ही कधी विचारले नव्हते.

गवंड्याने पाणसळ लावून एकेक फूट तपासत उतार पुरा केला. २०२४ च्या दसऱ्याला दादा पंधरा वर्षांनी प्रथम एकटा, कोणाचा हात न लागता, घरातून अंगणात आला. अंगणातून परत वर गेला. आणि पुन्हा खाली आला. असे त्याने सात-आठ वेळा केले. शेजारची पोरे टाळ्या पिटू लागली तेव्हा थांबला.

आणखी एक गंमत सांगतो. उतार दादासाठी केला, पण महिन्याभरात पायऱ्यांकडून जाणे सर्वांनीच सोडले. आईचे गुडघे दुखतात, ती उतारावरून जाते. वहिनी धान्याचे पोते ढकलगाडीवरून नेतात. गडी जळकी मोटार हातगाडीवर घालून वर आणतो. शेजारीण बाळाची गाडी आणते. मी शहरातला, धडधाकट, पण मलाही रात्री उतारच बरा वाटतो. सोय एकासाठी केली तरी ती एकट्याची राहत नाही.

* * *

घर झाले, पण घराबाहेर गाव आहे, आणि गावाबाहेर जग. महामार्गावर एस. टी. थांबते. दिव्यांगांना तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत आहे. पण गाडीची पहिली पायरी उभ्या माणसाच्या गुडघ्याला लागते. दादाला ती सवलत आजवर एकदाही घेता आलेली नाही. जी गाडी चढताच येत नाही तिचे तिकीट पाव किमतीत मिळाले काय आणि फुकट मिळाले काय! जोडचाकांच्या स्कूटरवरून तो पूल ओलांडून शिरवळला जातो. पण तेथेही बरीच कामे दुकानाबाहेर स्कूटरवर बसूनच हाका मारून करावी लागतात.

ही एकट्या दादाची कथा असती तर तिच्यासाठी अंकाची पाने अडवली नसती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात अशी माणसे २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. आणि देशातल्या ह्या लोकांपैकी शंभरात एकोणसत्तर खेड्यांत राहणारे. सोयीसुविधांची चर्चा मात्र होते ती शहरातल्या विमानतळांची!

कायदा नाही असे नाही. पहिला कायदा १९९५ चा. दुसरा, अधिक कडक, २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येण्यासारख्या कराव्यात, असे त्यात आहे. ती पाच वर्षे २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी नावाच्या एका दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण त्यांनी मानली नाही हे आपले नशीब. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, दिवाळी सरून आठवडा होतो न होतो तोच, न्यायालयाने सांगितले की कायदा बंधन घालतो आणि त्याखालचा नियम मात्र नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही. बंधनकारक नियम करा. दारांची रुंदी, उताराचे प्रमाण, स्वच्छतागृहातली जागा, ह्या गोष्टी मर्जीच्या नव्हेत, हक्काच्या आहेत, असा त्याचा साध्या भाषेत अर्थ.

दुसऱ्या देशांतही हे आपोआप झाले नाही. १९९० च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या अपंगांनी वॉशिंग्टनला संसदेच्या इमारतीसमोर चाकाच्या खुर्च्या बाजूला ठेवल्या आणि त्या प्रचंड पायऱ्या ते हातांवर सरपटत चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी जुलैत तेथला कायदा झाला. जपानात सेइइची मियाके नावाच्या माणसाने अंध व्यक्तींना पायांनी वाट समजावी म्हणून उंचवट्यांची फरशी शोधून काढली आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात ती प्रथम रस्त्यावर बसली. तीच पिवळी फरशी आज पुण्याच्या मेट्रो स्थानकांत आहे. २०२२ साली पुण्यात मेट्रो सुरू झाली तेव्हा लिफ्ट, ती फरशी, रुंद दारे, हे सारे आरंभापासून नकाशात होते. मी दादाला मुद्दाम मेट्रोने फिरवून आणले. गाडीत तो कोणाच्याही मदतीवाचून चढला. "ह्या नकाशात कुणीतरी माणूस काढला होता," तो म्हणाला. मात्र स्थानकातून रस्त्यावर आलो आणि पदपथाच्या तोंडाशी मोटारसायकली येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब आडवे आले. खांबांमधून खुर्ची जाईना. शेवटी आम्ही रस्त्यावरून, मोटारींच्या मधून गेलो. शहराचे हे असे आहे. पाच कोटींचे काम पाच इंचांपाशी अडते.

आपल्याकडे वाट दाखवणारी माणसे नाहीत असे कोणी म्हणू नये. खडकीला १९७४ पासून युद्धात पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्याच्या शर्यतीत पहिले आले. अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. पाण्यात पायरी नसते. वाट सारखी मिळाली की माणूस जगाच्या पुढे जातो, ह्याला आणखी पुरावा कशाला हवा? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन किशोरवयात खुर्चीला खिळल्या. त्यांनी १९८४ मध्ये संस्था काढून शेकडो मुलांना घर आणि शिक्षण दिले. त्यांचे आत्मकथन 'चाकाची खुर्ची' मी वर्गात अनेकदा शिफारशीने सांगितले आहे. पुस्तक वाचायला सांगणारा मीच, आणि जिन्यावर सही करणाराही मीच!

* * *

महाविद्यालयाचे काय झाले, ते सांगून संपवतो.

समितीत मी विषय काढला तेव्हा एका सहकाऱ्याने अगदी साळसूदपणे विचारले, "पण अशी माणसं आपल्याकडे येतात किती?" प्रश्न वाजवी वाटतो. मी म्हणालो, "दारातून परत गेलेल्याची हजेरी कोणत्या वहीत लागते, ते आधी सांगा." त्यानंतर खर्चाचा मुद्दा निघाला. तेव्हा मी सारोळ्याच्या उताराचे गणित फळ्यावर मांडले. मराठीचा प्राध्यापक इंचाला फूट शिकवतो आहे हे पाहून गणिताच्या प्राध्यापकांना मौज वाटली असावी. त्यांनी अनुमोदन दिले. दारातल्या चार पायऱ्यांशेजारी उतार झाला. तळमजल्यावरच्या एका स्वच्छतागृहाचे दार अडीच फुटांचे तीन फुटांचे केले आणि आत धरायला नळ्या बसवल्या. २०२५ चा पारितोषिक समारंभ सभागृहात न घेता मैदानावर मांडवात घेतला. मंचालाही उतार केला होता. लिफ्ट अजून दुसऱ्या टप्प्यातच आहे. मी पाठ सोडलेली नाही.

माझे पुण्यातले घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. दादाने ते मोबाइलच्या पडद्यावर पाहिले आहे. ह्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. म्हणून सणवार आम्ही सारोळ्याला करतो.

गेल्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहिनी रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि क्षणभर घुटमळल्या. दरवर्षी लक्ष्मीची पावले त्या पायऱ्यांवर काढीत. एकेका पायरीवर दोन-दोन. आता पायऱ्याच राहिल्या नव्हत्या. आई आतून म्हणाली, "उतारावर काढ. लक्ष्मीचं वय काय कमी झालंय? तिचेही गुडघे दुखत असतील."

वहिनींनी तीस फूट पावले काढली. कठड्याशी आम्ही पणत्या लावल्या. तेवढ्यात दादा दुकान बंद करून, हातपाय धुऊन आला. चाके ओली होती. "थांब, रांगोळी मोडेल!" असे कोणी म्हणण्याआधीच तो सरळ वर गेला. मागे वळून पाहिले तर रांगोळी मोडली नव्हती. लक्ष्मीची पावले मधोमध तशीच होती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी, अंगणापासून उंबरठ्यापर्यंत, चाकांच्या दोन ओल्या रेघा गेल्या होत्या.